पंगतीत बसला तो आपला

नवी दिल्ली, ३ डिसेंबर

ती. चारुताईस,
धाकट्या मुकुंदचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल फोनवर तुला मध्येच तोडलं, राग धरू नकोस. आपल्या मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिल्यापासून इथं सगळ्यांचेच फोन ऐकले जातात म्हणे. मी केंद्रात मंत्री असलो म्हणून माझा सुटला असेल असं नाही. आपण आपलं पूर्वीसारखं पत्रच लिहू. भाऊजींचा मदतनीस दुर्गेश विमानानं ये-जा करतोच, त्याच्याजवळ पाकीट देत जा.

नवा मुख्यमंत्री इथंच ठरणार. भाऊजींच्या नावासाठी मी वरिष्ठांपाशी हटून बसलोय. त्यांनी बोट धरून मला राजकारणात आणलं, त्यांच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं. अधिवेशनाच्या पहिल्या दिवसाची तुझी वडाभाताची पंगत यंदाही आहे ना? कोण आलं, काय बोललं, सगळं मोकळेपणानं लिही. बंगला मोठा आहे, पण जेवायला मी एकटाच बसतो. तुझं पत्र हातात असलं की घरी जेवल्यासारखं वाटतं.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मुकुंद


मनीषनगर, नागपूर, ९ डिसेंबर

चि. मुकुंदास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

एवढा मोठा मंत्री झालास, तरी जीव माझ्या वडाभातातच अडकलेला. पंगत झाली बाबा, आणि अशी झाली की गच्चीही पुरली नाही. नियम तोच, जेवताना राजकारण काढायचं नाही. पण जो आमदार तुझ्या भाऊजींच्या पंगतीत बसला तो त्यांचा, हे सारं नागपूर जाणतं. त्यामुळे कोणाला काही बोलावंही लागत नाही.

आमदार शोभाताईंनी हिंगाचं तेल पुन्हापुन्हा मागून घेतलं आणि मग हळूच माझ्या ओट्याशी येऊन रडल्या. त्यांच्या शिक्षणसंस्थेची चौकशी पुन्हा उघडेल या धाकानं त्यांना झोप नाही. मधुकररावांचा जीव मुलाच्या तिकिटात अडकलाय. बाप घरी बसायला तयार आहे, पोरगं नाही. आणि तो तरुण अंकुश, बुटीबोरीच्या जमिनीचं प्रकरण आठवलं की हातातला घास हातातच राहतो त्याचा. ह्यांना सांगायची छाती होत नाही, म्हणून सगळे ओट्याशी येऊन मला सांगतात. मी कोणाला सांगणार? तुला. इतक्या काळज्या डोक्यावर असून माणसं ह्यांच्यासाठी आली, यानं मला फार भरून आलं.

हे तर मनातल्या मनात शपथ घेऊन मोकळे झालेत. परवा कपाटातलं जाकीट काढून माझ्याकडे बटण लावायला दिलं. चिडवलं तर चक्क लाजले. जन्मभर दुसऱ्यांच्या सभांच्या सतरंज्या उचलल्या रे त्यांनी. एवढं त्यांना मिळू दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. या ताईला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
चारुताई


नागपूर, १८ डिसेंबर

चि. मुकुंदास आशीर्वाद.

मुख्यमंत्री म्हणून तुझा शपथविधी टीव्हीवर पाहिला. आई असती तर तिनं आळीभर पेढे वाटले असते. मला वाटता आले नाहीत.

त्याआधी इथं काय झालं ते ऐक. माणसं एकेक करून ह्यांचा फोन उचलेनाशी झाली. शोभाताईंची चौकशी बंद झाली. मधुकररावांच्या मुलाला तिकिटाचा शब्द मिळाला. अंकुशचं प्रकरण मिटलं. प्रत्येकाची दुखरी नस नेमकी कोणी दाखवली, याचा ह्यांनी खूप विचार केला आणि बोट ठेवलं ते दुर्गेशवर. त्या दिवशी पंगतीत वाढायला तोच होता आणि दिल्लीला जाणाराही तोच. आमच्या लग्नाआधीपासून ह्यांच्या घरात वावरलेल्या त्या माणसाला ह्यांनी दारात उभं केलं आणि म्हणाले, "माह्या घरचं खाऊन माह्यंच घर इकलं काय गा?" त्यानं चपला घातल्या आणि गेला.

मी आत उभी होते. ओट्याशी कोण काय बोललं ते दुर्गेशला ठाऊकच नव्हतं. त्यानं फक्त माझं चिकटवलेलं पाकीट तुझ्या हाती दिलं. मुकुंद, माझ्या पत्राचा यात काही संबंध नाही, एवढी एक ओळ लिही. मी ती खरी मानीन.

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
चारुताई


मुंबई, २४ डिसेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझं नाव वरूनच आलं. मी नाही म्हटलं असतं तर तिसराच कोणी आला असता आणि आपल्या घरात काहीच उरलं नसतं. भाऊजींना हे पटेल. वेळ आली की मागे वळून पाहायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. एक मोठं महामंडळ त्यांच्यासाठी राखून ठेवलंय. तू मन लहान करू नकोस.

इथं दिवसभर माणसांची रीघ असते, पण जवळचं असं कोणी नाही. आईची फार आठवण येते. तू लिहीत राहा. भाऊजींकडे सध्या कोण येतं-जातं, कोणाची काय नाराजी आहे, तेही कळव. वेळेवर समजूत घालता येईल.

तुझ्या आशीर्वादावरच सगळं चाललंय.

तुझा,
मुकुंद


नागपूर, ३० डिसेंबर

चि. मुकुंद,

मी मागितलेली ओळ तुझ्या पत्रात नव्हती. मागची बाजूही पाहिली. मग ह्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. ओरडतील, निदान समोरचं ताट तरी ढकलतील असं वाटलं होतं. पण एवढंच म्हणाले, "भावाले नाही सांगशीन तं कोनाले सांगशीन वं?" मला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे दुर्गेशकडे माफी मागायला गेले. त्यानं चहा दिला, पाया पडला, पण परत येणार नाही म्हणाला. हे आता दिवसभर गच्चीवर बसून असतात. खाली गाडी थांबल्यासारखी वाटली की उठून पाहतात आणि पुन्हा बसतात. तुझं महामंडळ दुसऱ्या कोणाला दे.

तुझ्यावरची माया तुटत नाही, हेच माझं दुखणं आहे. तुझ्या जेवणाची काळजी आजही वाटते. पण ते लिहायचं कसं, ते आता कळत नाही.

आमच्याकडे कोण येतं-जातं, ते विचारलंस. कोणी येत नाही. ही बातमी हवी तिथं वापर.

तुझी,
चारुताई