पांढऱ्या पेशी: चौदा हजार

४ डिसेंबर १९६३, सकाळ.
काल छातीत दुखलं तो गॅस. बहिणीच्या शेतात पाच रोडगे खाल्ले, वर वाटीभर तूप. डॉक्टर म्हणतो हृदयाचा झटका, तीन आठवडे पडून राहा. बरं म्हटलं. पोरगेला डॉक्टर आहे, मन कशाला मोडा.

५ डिसेंबर.
रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी चौदा हजार! साध्या माणसाला फार तर दहा. पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, एवढं मलाही ठाऊक आहे. खामगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तेवीस वर्षं कापूस पारखतोय. जितकं पांढरं तितका माल वरचा. बायको म्हणते, मले तं भेव लागून राह्यलं. सत्यभामेला प्रतवारी कळत नाही.

८ डिसेंबर.
संकल्प: खाटेवरून हलायचं नाही. दुपारी अंगणात गेलो. अंगण घरातच धरतात.

१० डिसेंबर.
जिनातला तोलारी मोतीराम आला. रिपोर्ट दाखवला. म्हणाला, भगवानराव, आमच्यात तं इतक्या नसतीन. माणूस जाणकार आहे.

१३ डिसेंबर, सकाळी ९.
माझ्या जागी बसवलेला कडूबा किडक्या, पिवळ्या कापसाला पहिला नंबर देतोय म्हणे. सत्यभामा देवळात गेली आहे. अर्ध्या तासात जाऊन येतो. चौदा हजार शिपाई सोबत आहेत.

१५ डिसेंबर.
कापसाच्या गंजीवर चढलो होतो, वरचा नमुना बघायला. चौघांनी खाली उतरवलं. बहुधा गॅसच. नवा रिपोर्ट: अठरा हजार. सत्यभामेला म्हटलं, बघ, वाढल्या. तिनं रिपोर्ट घेऊन घडी करून ठेवला.

१७ डिसेंबर.
डॉक्टर खाटेवर बसून बोलला. हृदयाचा जो भाग मरतो, तो खाऊन साफ करायला या पेशी धावतात. जास्त मेलं की गर्दी जास्त. विचारलं, साफ झाल्यावर तो भाग परत येतो का. नाही म्हणाला. नुसता वण राहतो.

म्हणजे अठरा हजार मयतीला आले होते आणि मी मिशीला पीळ देत होतो.

सत्यभामेला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हाव, पहिल्याच दिशी डॉक्टरनं सांगतलं. तुमालेबी सांगतलं. तुमी कोनाचं आयकता?

भीती वाटते आहे. तिच्याकडे पाणी मागितलं. माठ हाताशीच होता, पण उठलो नाही.