गार चहा आणि भाकरी

पिंपरी,
२ मे १९५७

तीर्थरूप आईस,
सगुणेने इथूनच वाकून तुझ्या पायांवर डोके ठेवले आहे.

आता इकडे सगळे ठीक आहे. ‘आता’ म्हणते, कारण यांना टायफॉइड झाला होता. तुला घोर लागेल म्हणून कळवले नाही. ताप उतरून आठ दिवस झाले तरी यांना घास जाईना.

परवा शेजारच्या हिंदुरावभावजींनी सायकलवरून गोणपाटात गुंडाळून बर्फ आणला. मी गवती चहा, पुदिना आणि चिमूटभर चहापूड उकळून गाळली, निवू दिली आणि त्यात मोसंबी पिळली. रागावू नकोस, डॉक्टरांना विचारूनच बर्फ घातला.

“चहा, आणि तोही गार?” यांनी तोंड वाकडे केले. पण एक घोट घेतला आणि पेला रिकामाच केला. म्हणाले, “अगं, आणखी आहे का? आणि भाकरी टाकतेस का एखादी?”

मला रडू आले. धुराचे निमित्त करून मी चुलीकडे वळले.

सोमवारपासून हे कंपनीत जाणार आहेत. अजून जिना चढताना थांबतात, पण चढतात. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना पत्र वाचून दाखवशील तेव्हा आधी सांग की जावई बरे आहेत, आणि मग सुरुवात कर.

तुझी लाडकी,
सगुणा