चौथी जोडी

४ नोव्हेंबर
नवी नोकरी, नवी खोली, आणि खिडकीतून चक्क एक झाड दिसतं! वहिनीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, झाडाशी गप्पा मार, नाहीतर भिंतीशी बोलायला लागशील. तिला बोलायला काय जातंय, तिच्या घरात सतत कोणी ना कोणी भांडत असतं.

रुग्णालय छोटंसं आहे, पण आतड्यांची ऑपरेशनं इथे बरीच होतात. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. आधीच्या सिस्टर वारल्या म्हणून ही जागा निघाली. मोठे डॉक्टर कडक आहेत आणि मला ते आवडले. आतड्यातले जंतू टाक्यांत शिरले की जखम पिकते, म्हणून पोट शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे, हत्यारंही नवी घ्यायची, हा त्यांचा नियम. आधीच्या ठिकाणी हेच सांगून सांगून माझा घसा बसला होता. इथे न सांगता होतं. दादाला म्हटलं, मी इथे टिकणार.

७ नोव्हेंबर
आज पहिलं मोठं ऑपरेशन. टेबलाशी आम्ही तिघं: मोठे डॉक्टर, त्यांचा मदतनीस डॉक्टर आणि मी. सफाईच्या मावशींनी सकाळीच बजावलं होतं की हातमोज्यांच्या जोड्या चार काढा, सुरुवातीला चार आणि बदलताना पुन्हा चार. आधीच्या सिस्टर तशाच काढायच्या. एखादी फाटली तर हाताशी असावी म्हणून असेल, असं मी धरलं.

एकही फाटली नाही. तरी पोट शिवायच्या आधी बादलीत उतरवलेल्या जोड्या चार होत्या. आमच्या तिघांच्या आतून घामेजलेल्या. चौथी बाहेरून रक्ताने माखलेली, आतून कोरडी, आणि फ्रिजमधून काढल्यासारखी गार. मदतनीस डॉक्टरला विचारलं तर तो हसला, म्हणाला, सिस्टर, तुम्हाला चष्मा लागला. मीही हसले. खोलीवर आल्यावर हसू आलं नाही.

१५ नोव्हेंबर
रोज चौथी जोडी वापरलेली निघते. आणि एकाही पेशंटची जखम पिकलेली नाही. ड्रेसिंग सोडलं की टाके कसे कोरडे ठणठणीत.

खरं सांगायचं तर आता भीतीपेक्षा बरंच वाटतं. सगळे आपापल्या घरी जातात, मला खोली खायला उठते. थिएटरमध्ये निदान माझ्या डाव्या हाताला कोणीतरी उभं असतं. तिथे गार लागतं. मी थोडी सरकून जागा करून देते. चेहरा नको, पण एकदा ते हात तरी बघायला मिळावेत, असं वाटतं.

२० नोव्हेंबर
आज शिंपीकाकांचं ऑपरेशन. भरती झाल्यापासून माझ्या एप्रनच्या शिवणीला नावं ठेवत होते. घरी गेलो की नीट बेतून देतो म्हणाले. या गावात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोललेलं पहिलं माणूस.

आज मी तीनच जोड्या काढल्या, दोन्ही वेळा. शहाण्या बाईने भुताला हातमोजे का पुरवावेत? बादलीतही तीनच निघाल्या. म्हणजे सगळे माझ्याच मनाचे खेळ. उगाच थोडं चुकल्यासारखं मात्र वाटलं.

२४ नोव्हेंबर
शिंपीकाकांना ताप. पट्टी सोडली आणि घाण वास आला. टाके तटतटलेले, त्यांच्यामधून पू. मोठ्या डॉक्टरांनी टाके उघडले, जखम धुतली. नंतर सगळ्यांना फैलावर घेतलं, मोजे कोणी बदलले नाहीत म्हणून. बदलले होते. आम्ही तिघांनी बदलले होते.

काका विचारत होते, आत कोणाचा हात राहिलाय का. ग्लानीत असतील.

२७ नोव्हेंबर
शिंपीकाका गेले.

मावशींना धरून बसवलं आणि सगळं विचारलं. ते कोण आहे, त्यांनाही माहीत नाही. आधीच्या सिस्टरना तीन जोड्या काढून काय होतं ते कळलं होतं, म्हणून त्या जन्मभर चार काढत राहिल्या. शेवटी त्यांचंच आतडं पिळलं. टेबलावर त्याच होत्या, चौथी जोडी काढायला कोणी नव्हतं. जखम पिकूनच गेल्या.

आता मी कधीच विसरणार नाही. कानाला खडा.

२ डिसेंबर
चार जोड्या काढतेय. जखमा स्वच्छ. पण आज आतड्याचं वेटोळं आपोआप वर उचललं गेलं. डॉक्टरांना वाटलं मी उचललं. माझे दोन्ही हात ट्रेवर होते.

सकाळपासून पोटात कळ येतेय.

३ डिसेंबर
उलट्या. पोट फुगलंय. मोठे डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलंय, आजच उघडावं लागेल.

माझ्या जागी दुसरीकडून सिस्टर बोलावलीय. तिचा हात धरून सांगितलं, चार जोड्या, दोन्ही वेळा चार. लहान मुलाला म्हणावं तसं हो हो म्हणाली. मावशींनी शपथ घेतलीय, दारात उभ्या राहतील, तिच्याकडून काढून घेतील. दादा निघालाय, उद्या पोचेल. ट्रॉली आली—

४ डिसेंबर
शुद्ध आली. मावशी पायाशी रडत होत्या. नव्या सिस्टरने त्यांना थिएटरच्या बाहेर काढलं. बादलीत—

तीन.

७ डिसेंबर
ताप. दादाला वाटतं मी बरळतेय. तो औषध आणायला गेलाय. जाऊ नको म्हटलं होतं.

पट्टीखाली गार लागतंय. ताप आहे तर गार कसं—

संध्याकाळ
दादा अजून—

आतून टाका ओढला जातोय. हळूच. सवयीचा हात आहे. एक सुटला. दुसरा—

पट्टी वर आली. बोटं दिसतायत. मोजे नाहीत. नखांत—