बसबूसाची बशी आणि जर्मन गोळ्या

तंता, इजिप्त, शुक्रवार, नमाजानंतर

आदरणीय बहिया अब्ला,

सलाम, आणि तुझ्या दोन्ही हातांना मुके. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला म्यूनिकच्या थंडीत वाढला नाही ना? इथे अल्लाच्या कृपेने सगळं ठीक (मुलं गेल्यापासून घरात मी एकटीच, त्यामुळे सगळं म्हणजे मीच).

तू पाठवलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या पोचल्या. जेवणानंतरची साखर त्यांनी आवरते असं तू फोनवर म्हणालीस, म्हणून माझ्या मॅट्रिक डोक्याने हिशेब मांडला: गोळी जमेला, बसबूसाची पाकातली वडी नावे, बाकी शून्य. जेवून दोन तासांनी बोट टोचलं, तर असा आकडा आला की मी आधी यंत्रच पुसून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "हाजीबाई, गोळी अंगातली उणीव भरते, पाक पिऊन टाकत नाही. गोड बंद."

आता गोड आणतं कोण, तर समोरची उम्म रिदा. रोज संध्याकाळी बशी भरून. रिकामी बशी परत केली असती तर आपल्या आईने कबरीतून उठून माझा कान धरला असता. म्हणून मी बशीत घालायला काही शोधेपर्यंत ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची आणि सबंध जिन्यावरच्या बिऱ्हाडांच्या बातम्या सांगायची (तिच्या सुनेबद्दल सुनेपेक्षा मला जास्त माहीत आहे). तोंडावर नको कसं म्हणायचं? म्हणून गेल्या महिन्यात एकदा बशीत तुझ्या गोळ्यांपैकी मूठभर घातल्या. समजेल तिचं तिला, असं वाटलं.

"काय गं, मी मरायला टेकलेय का? बशीत औषध देतेस?"

मग सगळं सांगावं लागलं. "तोंड शिवलं होतं का तुझं? मी उगाच तूप जाळत बसले," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून काकड्या. प्लास्टिकच्या पिशवीत, दाराच्या कडीला अडकवून जाते. पिशवी कुणी परत करत नाही.

साखर उत्तम आहे. डॉक्टर खूश आहेत. काकडी चावल्याचा आवाज घरभर ऐकू येतो, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

तुझी धाकटी,
इन्साफ

ता. क. गोळ्या आणखी पाठवू नकोस. टपालखर्च फार पडतो, आणि उरल्यात त्या पुरतील.

आणखी एक. बाटलीवरचं जर्मन इथे कुणाला वाचता येत नाही. तू उम्म रिदाला फोन करून सांग, त्यावर लिहिलंय की गोळी जेवणानंतर, समोर कुणी बसलेलं असतानाच घ्यावी. हे खोटं ठरतं का, ते शेखसाहेबांना विचारायचं आहे. पण ते 'ठरतं' म्हणाले तर पंचाईत, म्हणून तुझा फोन होईपर्यंत थांबले आहे.