पाठीवरचा तांब्या

बाबा, काल मी नातीबरोबर तिच्या मैदानावर गेले होते. ती खो-खो खेळते, आणि खेळते बरी, पण उभी राहते ती वाकलेल्या काडीसारखी. तिच्या सरांनी पोरींना सतरंजीवर उताणं झोपवलं, गुडघे उभे करायला लावले आणि म्हणाले, बेंबी पाठीकडे ओढा, श्वास मात्र चालू ठेवा. याला आता कोअरचा व्यायाम म्हणतात. पोटाच्या पार आतले, कण्याला बिलगून असलेले स्नायू घट्ट झाले की पाठ सरळ राहते, आणि धावताना, वळताना कंबर दगा देत नाही, असं ते समजावून सांगत होते. मी कडेला बाकावर बसून ऐकत होते आणि माझंही पोट आपसूक आत गेलं. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तुमचा हुकूम अंगात अजून चालतो. डोळ्यांत पाणी आलं, नातीला सांगितलं धूळ गेली.

पिंपळगाव राजाच्या आपल्या घरात तुमची बाज स्वयंपाकघरातच असायची, चुलीची ऊब कमरेला बरी वाटते म्हणून. मला आठवतं तेव्हापासून तुम्ही त्या बाजेवरच. तुम्ही नावाजलेले पैलवान होतात हे मी लोकांकडून ऐकलेलं, पाहिलेलं नाही. रोज सकाळी मळ्यात वांगी-मिरच्या तोडायला निघण्याआधी आई लुगड्याचं जुनं, रुंद फडकं तुमच्या कमरेला गुंडाळायची, तुमच्या कुल्ल्याला गुडघा लावून ते ओढायची, गाठ मारायची, तेव्हा कुठे तुम्हाला उठून बसता यायचं. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालेलं, शाळेत पेढे वाटलेले, आणि त्याच सुमारास गुरुजींनी मुलींचा खो-खोचा संघ काढला. मी नाव दिलं. आई नको म्हणाली. तुम्ही आढ्याकडे पाहत म्हणालात, "खेळू दे तिले. पण आधी माह्या हाताखालून जाईन."

तुम्हाला काही करून दाखवता येत नव्हतं, सगळं तोंडानं. मी चुलीपुढे सारवलेल्या जमिनीवर उताणी पडलेली, तुम्ही बाजेवरून हात लांबवून माझ्या कमरेखाली बोटं सरकवून पाहता. "पोट आवळ. आता बोल माह्याशी." मी बोलायला गेले की पोट सुटायचं, बोलणं आवरलं की दम कोंडायचा. "दम कोंडून तं म्हैसबी जोर लावते वं. बोलता आलं पाह्यजे." मग रांगत्या पोरासारखं हातापायांवर व्हायचं, कमरेवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचा, आणि डावा पाय मागे, उजवा हात पुढे, अगदी हळू. तांब्या कलंडला की गार पाणी पाठीवरून मानेत. थंडीच्या दिवसांत मी रडकुंडीला यायची. तुम्ही म्हणायचात, "भर पुन्हा." शेजारचे काका दारातून चिडवायचे, "काय पैलवान, पोरीले आखाड्यात उतरवता काय?" तुम्ही म्हणायचात, "नाही भाऊ, तिले फक्त उभी राह्याले शिकवून राह्यलो." तांब्या हलायचा थांबेपर्यंत तुम्ही मला संघातून खेळू दिलं नाहीत. मला तुमचा फार राग यायचा, बाबा. पोरी मैदानात, आणि मी घरात तांब्याचा चौरंग झालेली.

खेळायला लागले तेव्हा पाहिलं, सगळ्या पोरी परकरावरून कमरेला फडकं कसून बांधत. जोर येतो म्हणत. एका सकाळी मीही आईच्या फडक्यांतलं एक घेतलं आणि कमरेला आवळलं. तुम्ही बाजेवरून पाहिलंत आणि ओरडलात. असे तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "सोड ते! आत्ता सोड!" मी गाठ सोडली. आणि मग तुम्ही ते सांगितलंत, जे घरात कधीच कुणी बोलत नसे.

"जत्रेतली कुस्ती होती. दंड काढले, बैठका काढल्या, छाती कमावली लोकाईले दाखवाले. आतलं मास कोण पाह्यते? कंबर कच्ची वाटली का मी लंगोटावरून फडकं आवळो. फडकंच पाठ धरून ठेवे, मंग पोट काऊन मेहनत करीन? त्या दिवशी गड्याले उचलला अन् कमरेत काहीतरी सरकलं. तरीबी तो चीत झाला. मंग लोकाईनं मले खांद्यावर घेतलं. मी बोंबलत होतो, खाली ठेवा, खाली ठेवा. डफड्यात कोणाले आयकू जाते? त्याईले वाटलं, पैलवान खुशीत ओरडून राह्यला. साऱ्या गावातून नाचवलं मले."

हे सांगताना तुम्ही हसलात. मी तुमच्या कमरेच्या फडक्याकडे पाहिलं, तर म्हणालात, "मले आता इलाज नाही, माय. तुले आहे."

बुलढाण्याला सामने झाले. बोथ्याच्या घाटात एसटीचे हिसके तुम्हाला सोसणार नाहीत हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून येता का, असं मी विचारलंच नाही. शेवटच्या डावात मी खांबाजवळ सूर मारला, समोरची पोरगी हाताला लागली आणि आपण जिंकलो. इतर संघांतल्या दोघी-तिघी कंबर धरून बसल्या होत्या, मी सरळ उभी होते. तेवढ्यात आमच्या पोरी धावत आल्या मला खांद्यावर घ्यायला. मी खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि खाली बसले. त्या ओढत होत्या, हसत होत्या, मी सोडला नाही. कोणीतरी म्हणालं, हिला लई मिजास आली.

घरी आले. जिंकलीस का, हे तुम्ही विचारलं नाही. विचारलंत, "उचललं का वं तुले?"

"नाही बाबा. बसून राह्यली मी."

तुम्ही गोधडी तोंडावर ओढून घेतलीत. आई म्हणाली, "पोरगी जिंकून आली, अन् हे पाहा, झोपले." तुम्ही झोपला नव्हता. गोधडी हलत होती.

पुढे माझं लग्न मेहकरला झालं आणि त्याच हिवाळ्यात निरोप आला. मी पोचले तेव्हा तुम्हाला आंघोळ घालून झाली होती. आईनं सवयीनं फडकं उचललं, तुमच्या कुल्ल्याला गुडघा लावला आणि ओढायला लागली. शेजारचे काका म्हणाले, "वैनी, आता कशाले?" तिचे हात तसेच राहिले. तुम्हाला खांद्यावर घेणाऱ्यांत तुमच्या तालमीतले दोघे होते, जत्रेच्या दिवशीही त्यांनीच तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं, आता केस पिकलेले. त्यांनी तिरडी उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हळू न्या. त्यांची कंबर दुखते." कुणी हसलं नाही. पुढचा गडी मान खाली घालून म्हणाला, "हाव माय, हळूच नेतो." तो रडत होता. गल्लीच्या वळणापर्यंत मी पाहत होते, इतके सावकाश चालले होते ते, जणू कमरेवर भरला तांब्या ठेवलेला.

हे टपालात टाकायचं नाही, मला कळतं. लिहून झालं की नातीच्या वहीत ठेवीन म्हटलं होतं, पण तेही नको, ती हसेल. एकच सांगायचं राहिलं. ते फडकं आईनं जपून ठेवलं होतं आणि ती गेल्यावर माझ्या पेटीत आलं. तुम्ही मला ते बांधू दिलं नाहीत, आणि मी खेळात, बाळंतपणात, म्हातारपणातही कधी बांधलं नाही. पाठ माझी अजून ताठ आहे, दुखत नाही. पण रागावू नका, बाबा, घरात कुणी नसलं की मी कधी कधी दार लावून ते कमरेला गुंडाळते, आणि पोट सैल सोडून देते.