पांढरं दार

२ मार्च, रविवार
ताईचा फोन. तेवीस तारखेला आईला ऐंशी पूर्ण होतात, ती अल्बम छापून घेणार आहे. जुने फोटो स्कॅन करून मला पाठवलेत. डाग, चिरा काढायचं काम माझं, कारण फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर अख्ख्या घरात माझ्याकडेच आहे. दोन वर्षांत ते एकदाही उघडलेलं नाही, हे ताईला माहीत नाही.
एकूण चौसष्ट फोटो. अकरांत आमची जुनी गाडी. गाडी निळी, डावीकडचं पुढचं दार पांढरं. ऐंशीव्या वाढदिवसाला असलं ठिगळ कशाला? अकराही दारं निळी करायची. शुद्ध सौंदर्यदृष्टी, दुसरं काही नाही. दोन दिवसांचं काम.

४ मार्च, दुपारी ३
या दाराची हकीकत घरात सगळ्यांना पाठ आहे. एकतीस वर्षांपूर्वी बाबांनी आमच्याच फाटकाचा खांब ठोकला. गॅरेजवाल्याकडे निळं दार नव्हतं, पांढरं बसवलं. रंग नंतर देऊ, बाबा म्हणाले. गाडी विकली तोवर सात वर्षं झाली होती, ते 'नंतर' काही आलं नाही. बाबांच्या हातावर आता विश्वास नाही, असं आई म्हणाली, तेव्हा गाडी मी चालवायला लागलो. बाबा शेजारी, पांढऱ्या दाराला टेकून. उभा खांब ठोकणारा माणूस, हा किस्सा मी भाषणांत सांगतो. हमखास हशा.
सॉफ्टवेअर उघडलं. रंग बदलायची पट्टी सरकवली. आकाश हिरवं झालं, झाडं जांभळी, बाबांचा चेहरा शेवाळी. दार पांढरंच.
पुन्हा सरकवली. पार टोकापर्यंत. दार पांढरंच.

५ मार्च
यूट्यूबवर एकाने समजावून सांगितलं. पांढऱ्यात मुळात रंगच नसतो, त्यामुळे पट्टीला बदलायला काही सापडत नाही. आधी दार कापून वेगळं निवडायचं, वर नवा थर घ्यायचा, त्यात निळा ओतायचा. म्हणजे चूक माझी नव्हती, दाराची होती.
ही म्हणाली, राहू दे की पांढरं, बाबांचा पराक्रम कोणाला माहीत नाही? मी म्हटलं, वडिलांची लाज मुलाने झाकायची असते. वाक्य बरं जमलं. रविवारी वापरावं.

९ मार्च, रविवार
वाचनालयात व्याख्यान. विषय: 'इतिहासाला रंग फासणारे हात'. छायाचित्रासारखा प्रामाणिक साक्षीदार नाही, म्हणालो. भूतकाळाशी छेडछाड करणारा भविष्याचाही चोर, म्हणालो. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या निवृत्त न्यायाधीशांनी हात हातात घेतला.
घरी येऊन जेवणापूर्वी चार दारं निळी केली. हात बसलाय आता.

११ मार्च, सकाळी ११
दारात कोणीतरी उभं आहे.
पांढऱ्यावर तो दिसतच नव्हता. निळा ओतला, दार गडद झालं आणि पत्र्याच्या चकाकीतून माणूस वर आला. खांदे पाडलेले, दोन्ही हात चेहऱ्याशी. मला आधी बाबाच वाटले. पण बाबा तर दाराशेजारी उभे आहेत, हसतायत.
दुसरा फोटो उघडला. त्यातही. तिसऱ्यातही.
ताईला पाठवला. तिचा लगेच फोन. म्हणाली, "अरे, तूच तो. फोटो कोण काढत होतं?"

१२ मार्च
सात फोटोंत मी आहे. पुसायला घेतला. पुसलेल्या जागी माणसाच्या मापाचा डाग राहतो. डाग पुसला तर दार पुठ्ठ्याचं दिसतं.
फ्रिजचं दार उघडून उभा होतो. काय घ्यायचं होतं ते आठवेना. ही म्हणाली, लाव ते. आमचा फ्रिज पांढरा आहे, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.
उद्यापासून सॉफ्टवेअरला दिवसातून एकच तास.

१३ मार्च
सहा तास.

१५ मार्च, दुपार
ही वही कोणी वाचत नाही.
तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी. गाडी न विचारता नेली. विषय 'तरुणांची जबाबदारी'. पहिला आलो. येताना करंडक शेजारच्या सीटवर ठेवला होता आणि बाबांना काय काय सांगायचं ते मोठ्याने म्हणत होतो. फाटकातून वळताना करंडक घरंगळला. मी वाकलो.
आवाजाने इमारतीतले सगळे खाली आले. बाबाही आले. त्यांनी खांब पाहिला, दार पाहिलं, मला पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं."
मी करंडक घेऊन उभा होतो. तेव्हा तिथे बोलणं योग्य झालं नसतं. नंतर प्रसंग आला नाही. बाबा त्यानंतर बावीस वर्षं जगले, पण योग्य प्रसंग असा एकही आला नाही.
आईला तेवीस तारखेला सांगेन. सगळ्यांसमोर. मुद्दे काढतो.

१७ मार्च
अकराही दारं निळी. फोटो छापायला गेले. भाषण चाळीस मिनिटांचं झालंय, काटछाट करावी लागेल.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळी ७
केक झाला, गाणी झाली. भाषण खिशात होतं. आई भिंग घेऊन अल्बम बघत होती. गाडीच्या पानावर थांबली. ही कोणाची गाडी, असं विचारलं. ताई म्हणाली, अगं आपलीच, आता तुला गाडीही आठवेना? सगळे हसले. आई हसली नाही. भिंग दारावर आणलं, वरपासून खालपर्यंत फिरवलं, मग मला जवळ बोलावलं. बाकीचे केक खाण्यात होते.
"रंगवलंस?" ती म्हणाली. "म्हणजे सांगितलंस त्यांना?"
माझा हात खिशातल्या भाषणाकडे गेला.
मग तिनेच हळू आवाजात सांगितलं. बाबांनी त्याच आठवड्यात निळ्या रंगाचा डबा आणला होता. ती म्हणायची, द्या की रंग, चारचौघांत बरं दिसत नाही. ते म्हणायचे, थांब, तो येईल सांगायला. मग दोघं मिळून रंगवू.
"डबा माळ्यावर असेल बघ," आई म्हणाली आणि पान उलटलं.
भाषण खिशातच राहिलं.

२४ मार्च, सकाळी १०
आईकडे गेलो. ताईने स्टूल धरलं. डबा सूटकेसच्या मागे होता. बाबांनी वर कागद गुंडाळून सुतळी बांधली होती. आत नवा ब्रश. दोन ब्रश.
ताईने विचारलं, हे काय? आणि सवयीने म्हणाली, खांबवाल्या बाबांचा का?
"खांब मी ठोकला होता," मी म्हटलं.
यापुढचं काहीच तयार नव्हतं. ताई बराच वेळ स्टूल धरून उभी होती. मी केव्हाच खाली उतरलो होतो.
झाकण स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं. रंग वाळून दगड झालाय. निळा होता, एवढं कळतं. बोट टेकवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.