व्याह्यांसाठी थर्मल स्कोप

१९ जुलै, शनिवार
सावनीच्या साखरपुड्याचं जेवण झालं. होणारे व्याही डेल, जावई वायटचे वडील. रँचवाले टेक्सन. बायको गेल्यापासून माणूस जवळपास बोलणंच विसरलाय. सावनीने गाडीतच बजावलं होतं की बाबा, त्यांच्याशी दोस्ती कर, प्लीज, वायटला फार काळजी वाटते रे त्यांची. जावयाचा शब्द मोडायचा नाही. पण डेल सॅलडपासून अ‍ॅपल पायपर्यंत गप्प. शेवटी रानडुकरांवर गाडी आली. गवत उकरून ठेवतात म्हणे, म्हणून डेल रात्री शिकारीला बसतात. मी लगेच सांगितलं की आमच्याकडेही शिकारीची परंपरा आहे. खोटं नाही. आजोबांच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगं होती. आहेरात आली होती, पण होती.

डेलनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. बोलावणार म्हणाले.

२६ जुलै, शनिवार
थर्मल स्कोप ऑर्डर केला. काळोखात अंगाची ऊब दिसते. गरम ते पांढरं, थंड ते काळं. आमच्या सौ. लतिकाने विचारलं की हा रायफलवर बसवतात ना, मग रायफल कुठे आहे? घरात बंदूक आली तर लतिका त्याच दिवशी बहिणीकडे पार्सिपनीला जाणार म्हणे. ठीक आहे. बंदूक कोणीही चालवेल. खरी कला बघण्यात आहे. शिवाय गॅरेजमध्ये उंदीर निघाला तेव्हा मी हॉटेलात राहायला गेलो होतो, याची तिने आठवण करून दिली. ती वेगळी परिस्थिती होती.

२ ऑगस्ट, शनिवार
स्कोप आला. सोबत जाडजूड मॅन्युअल. आयुष्यभर पाइपलाइनी डिझाइन केल्या, मला मॅन्युअल कशाला? ड्रॉवरमध्ये टाकलं.

७ ऑगस्ट, गुरुवार
बॅकयार्डमध्ये प्रॅक्टिस. आमच्या शुगर लँडची हवा म्हणजे कुकरची वाफ, सगळंच पांढरट. तरी शेजाऱ्यांचं ग्रिल ओळखलं. लतिका ओळखली. तिचं नाक काळं दिसतं हे मी कौतुकाने सांगितलं. ती तेव्हापासून बोललेली नाही.

नंतर कुंपणावरून काहीतरी पांढरं सरळ माझ्याकडे यायला लागलं. पॉसम असावा, इथला मांजराएवढा, उंदरासारखा प्राणी. मी आत आलो. डास फार होते.

८ ऑगस्ट, शुक्रवार
हाउसिंग असोसिएशनची ईमेल. कोणीतरी अंधारात दुर्बीण घेऊन घरांकडे बघतंय, सावध राहा. मीही उत्तर पाठवलं की अशा माणसाला कडक समज द्यावी.

९ ऑगस्ट, शनिवार
डेलचा फोन. आज येता का? त्यांना सांगितलं की श्रावण आहे, आम्ही हत्या करत नाही. येस सर म्हणाले. ही भीती नव्हे. श्रावण आहे.

३० ऑगस्ट, शनिवार
पुन्हा फोन. घरात गणपती आहेत, कसं जमणार? लतिका म्हणाली की आपला दीड दिवसाचा होता, गुरुवारीच विसर्जन झालं. मंडळाचा अजून आहे ना!

१३ सप्टेंबर, शनिवार
पितृपक्ष. डेलनी वायटला विचारलं म्हणे की इंडियन लोक नेमके कोणत्या महिन्यात शिकार करतात?

संध्याकाळी सावनीचा फोन. चिडलेली असेल वाटलं, तर रडत होती. बाबा, डेल थिंक्स यू डोन्ट लाइक हिम, म्हणाली. तुझ्यासाठी मचाणावर नवीन खुर्ची आणून ठेवलीय त्यांनी.

वाईट वाटलं. खूपच वाटलं. रात्री जेवण गेलं नाही. पितृपक्ष संपला की जाणार म्हणजे जाणार.

४ ऑक्टोबर, शनिवार
दसरा झाला. सकाळी कॅलेंडर उलटंसुलटं करून बघितलं. कोजागिरी सोमवारी पडते. दोन दिवसांनी हुकली. लतिकाने थालीपिठं बांधून दिली आणि गाडीची किल्ली हातात ठेवली. निघालो. आज डेलना दाखवून देतो.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
झोप नाही. लिहून टाकतो.

डेलचं मचाण म्हणजे खांबांवरची लाकडी खोली. खुर्ची खरंच नवीन होती. मी डास मारताना आवाज करत होतो, म्हणून डेलनी माझ्या बाजूची काच लावून घेतली. ते त्यांच्या खिडकीशी रायफल घेऊन गप्प. मी स्कोप डोळ्याला लावला आणि समोर जनावर! केवढं पांढरं धूड! मी कुजबुजत वर्णन केलं. म्हातारा नर आहे, मान अशी नाहीच, तोंड उर्मट. एक डोळा काळा, झुंजीत गेलेला असणार. पळत नाही, उलट आपल्याकडेच रोखून बघतोय.

डेल वाकून आले. बाहेर बघितलं. मग हळूच काच सरकवली. जनावर गायब. मी म्हटलं, पळाला. त्यांनी काच पुन्हा लावली. मी म्हटलं, परत आला!

डेलनी घसा साफ केला. सांगितलं की सर, थर्मलला काचेपलीकडचं दिसत नाही. काचेत आपलीच ऊब दिसते. ते तुम्ही आहात. काळा डोळा म्हणजे स्कोप.

मी स्कोप बंद करून पिशवीत कोंबला. अंधारात त्यांची खुर्ची बराच वेळ करकरत होती, त्यांना थंडी वाजत असावी. थालीपिठं सगळी त्यांनीच खाल्ली. पोरीने एक गोष्ट मागितली होती, तीही धड जमली नाही. व्याह्यांसमोर आता कोणत्या तोंडाने उभा राहू?

७ ऑक्टोबर, मंगळवार
सावनीचा फोन. बाबा, तू काय केलंस तिथे? डेल दोन दिवस हसतायत. गुरांच्या फीड स्टोअरमध्ये सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, वायटला तर दोनदा, एक डोळा मिटून. त्याची आई गेल्यावर वायटने त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. तो किचनमध्ये जाऊन रडला म्हणे.

मी सांगितलं की त्यांना हसवायला मी मुद्दामच केलं. सावनी मग ओके बाबा म्हणाली.

आणि एक विचारायचं होतं तिला. डेलना लग्नात भाषण करायचंय. आजवर कधी केलेलं नाही, पण आता करायचंच म्हणतात. विषय हाच. सगळ्या पाहुण्यांसमोर, अ‍ॅक्शनसकट. आपल्या पुण्याच्या लोकांना कळावं म्हणून ती मराठीत भाषांतर करून देणार आहे. चालेल ना?

हो म्हटलं. मुलीचा बाप, दुसरं काय म्हणणार.